एच-४ वर असताना रेडिओ-टीव्हीचा कोर्स आणि रेसिडेन्सीची कटकट – माझा अनुभव

कॅलिफोर्नियात एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा डिपेंडंट व्हिसा) आहात आणि कम्युनिटी कॉलेजात रेडिओ-टीव्ही शिकायचंय, तर हे वाचाच, मला कुणी आधी सांगितलं असतं तर केवढा मनस्ताप वाचला असता. ॲडमिशन सोपी आहे, ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. अडतं ते रेसिडेन्सीपाशी, म्हणजे फीसाठी तुम्हाला राज्याचे रहिवासी धरतात की नाही त्यापाशी.

राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटच्या ऑडिओ प्रॉडक्शनला १३८, आणि नॉन-रेसिडेंटला त्याच्या कितीतरी पट. मी इथे वर्षाहून जास्त राहतेय, तरी फॉर्मवर व्हिसा टाकला आणि सिस्टिमने सरळ नॉन-रेसिडेंट ठरवलं. ऑफिसात गेले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तुम्ही डिपेंडंट, तुम्हाला रेसिडेंट होताच येत नाही. हे साफ चूक आहे! एफ-१ (विद्यार्थी), बी-२ (पर्यटक) व्हिसावाल्यांना नाही होता येत, एच-४ ला येतं, फक्त टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचं आणि इथेच राहायचा इरादा असल्याचं कागदावर दाखवायला लागतं.

आता कागद कुठून आणणार? लीज नवऱ्याच्या नावावर, लाइट बिल त्याच्या नावावर, मला नोकरी करता येत नाही म्हणून पगाराची स्लिप नाही. अपलोड केलं की काही दिवसांनी तेच उत्तर, तुमच्या नावाचं काहीतरी द्या. मेल केला तर ऑटो-रिप्लाय. इकडे स्टुडिओच्या क्लासला मोजक्याच सीट, वेटलिस्ट वाढतेय आणि फी वेळेत भरली नाही तर नाव काढून टाकतात. इतका संताप यायचा ना, घरात बसून दुसऱ्यावर अवलंबून असल्याचा पुरावाच हे लोक मागतायत असं वाटायचं.

शेवटी काउंटर सोडून थेट रेसिडेन्सीचं काम बघणाऱ्या व्यक्तीची अपॉइंटमेंट मागितली आणि तिथे काम झालं. जॉइंट भरलेला राज्याचा टॅक्स रिटर्न (फॉर्म ५४०, त्यावर दोघांची नावं असतात), माझं ड्रायव्हिंग लायसन्स आणि जॉइंट खात्याची जुनी स्टेटमेंट्स, एवढे कागद चालले. तारखा वर्षापूर्वीच्या हव्यात, कालचं लायसन्स चालत नाही. म्हणून आल्या आल्या बँक खात्यात आणि लीजवर नाव घाला, कोर्स करायचा असो वा नसो.

पोर्टलवर फीचा आकडा बदललेला दिसला तेव्हा मी अक्षरशः ओरडले.

कोर्स मात्र मस्त आहे. साउंड बोर्डवर बसून फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर घेणं, मीटरची सुई लाल भागात जाऊ न देणं, आणि दर तासाला स्टेशनचं कॉल साइन (त्याचं अधिकृत अक्षरी नाव) आणि गावाचं नाव लागोपाठ, मध्ये भलतं काही न घुसवता म्हणणं, एफसीसीचा (इथल्या रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियमच आहे तो. काही कॉलेजांची स्वतःची एफएम स्टेशनं आहेत, फुटहिलचं केएफजेसी ८९.७, सँटा मोनिकाचं केसीआरडब्ल्यू ८९.९. जवळपास असं काही असेल तर तिकडचं आधी बघा.

हो, एक राहिलं, वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिप घेऊ नका. आणि भारतातल्या मार्कशीटचं इव्हॅल्युएशन (इथल्या शिक्षणाशी तुलना करून घेणं) कॉलेजने मागितल्याशिवाय करू नका, उगाच पैसे जातात, मला कुणी विचारलंही नाही.