मैफलीतला काळोख आणि आमचा जमाखर्च

लग्नाचे फोटो काढून पोट भरतं आणि मैफलीचे फोटो काढून ते अधूनमधून रिकामं होतं, असं आमची आई म्हणते. धंद्याची वही तिच्याकडेच असल्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही. तरीही आमच्या पाटीवर ‘लग्न, मुंज, संगीत मैफल’ असं लिहिलेलं आहे. त्यातली मैफल कशी आली, त्याची ही हकीकत.

सुरुवात नाशिकला रविवार कारंज्याजवळ, एका जिन्याखालच्या गाळ्यात झाली. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. दुकानात मी एकटाच. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजला जायचा आणि तबल्याच्या क्लासला. खरं तर क्लासलाच. कॅमेरा एक, निकॉन डी३१००, आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. लग्नात फ्लॅश असतो, हॅलोजन असतात, माणसं आपल्याकडे बघून हसतात. त्यामुळे आपली लेन्स रातांधळी आहे, हे कळायलाच दोन सीझन गेले.

ते कळलं भावाच्या गुरुजींच्या कार्यक्रमात. परशुराम साईखेडकर नाट्यगृह, स्टेजवर दोन पिवळे दिवे, आणि आधीच बजावलेलं की फ्लॅश मारायचा नाही. किट लेन्स ५५ला नेली की अॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) एफ ५.६च्या पुढे उघडत नाही; हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० केला तरी शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर अडकलेलं. चारशे फोटोंतले अकरा दाखवण्यासारखे निघाले. गुरुजींनी एक निरखून बघितला आणि विचारलं, “हे माझे हात आहेत की उदबत्तीचा धूर?”

मला वाटलं, कॅमेरा बदलायला हवा. आईनं वही पुढे सरकवली. तिच्यात जमेच्या बाजूला कॅमेऱ्याएवढे पैसे नव्हते. मग मेनरोडवरच्या एका जुन्या फोटोग्राफर काकांनी सांगितलं की बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याला, हात लावू नकोस, काच म्हणजे लेन्स बदल. त्यांनी पाटीवर मांडतात तसं गणित मांडलं: एफ ५.६ आणि एफ १.८ यांत जवळजवळ दहापट उजेडाचा फरक. आयएसओ तोच ठेवून सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या जागी तीनशेवा भाग मिळतो. एवढा फरक नव्या बॉडीनं पडला असता तर तिची किंमत आमच्या गाळ्याच्या डिपॉझिटपेक्षा जास्त असती.

आधी ३५ एमएमची एफ १.८ घेतली, नवी. छोट्या बैठकीला ती पुरायची, पण नाट्यगृहात चौथ्या रांगेतून गवई अंगठ्याएवढा दिसायचा. म्हणून मुंबईला फोर्टात जाऊन ८५ एमएमची एफ १.८ सेकंडहँड आणली, जुन्या ‘डी’ मालिकेतली. घासाघीस करून स्वस्तात मिळाली म्हणून मी खुशीत होतो. पंचवटी एक्स्प्रेसनं परतताना इगतपुरीच्या आसपास राहवेना, कॅमेऱ्याला लावून बघितली. फोकस होईना. डब्यातल्या पंख्यावर धरली, समोरच्या काकूंच्या पिशवीवर धरली, काही नाही. त्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत लागते, आणि डी३१००च्या बॉडीत ती नाही, हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. सेकंडहँड लेन्स घेणाऱ्यांनी आपली बॉडी सोबत नेऊन तिथंच लावून बघावी. चहाच्या टपरीवर सुट्टे मोजून घेणारा मी, तिथं मात्र डोळे झाकून पैसे दिले.

परत द्यायला पुन्हा मुंबईला कोण जाणार? वर्षभर हातानंच फोकस केला. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागतो, तेवढाच आधार. आणि इथंच भाऊ धंद्यात आला, पगारावर नाही, कानावर.

तो शेजारी बसून माझ्या गुडघ्यावर बोटानं ताल धरायचा आणि समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, जरा आधी बोट दाबायचा. विलंबित एकतालात गवई मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेकडे येतो तेव्हा त्याचा हात वर जातो आणि समेवर क्षणभर ठरतो. चेहराही त्याच वेळी उघडतो. झोका टोकाला जाऊन थांबतो ना, तसं. त्या क्षणी सेकंदाचा सव्वाशेवा भागही पुरतो; एरवी तोच हात गोठवायला पाचशेवा लागला असता. म्हणजे आयएसओ दोन पायऱ्या खाली. तबलजीच्या रेल्यात, म्हणजे भरभर वाजणाऱ्या बोलांत, मात्र ही युक्ती चालत नाही, तिथं बोटं ठरतच नाहीत. तिथं पाचशेवा भाग ठेवायचा आणि वाढत्या आयएसओनं फोटोवर येणारे दाणे सहन करायचे. हा सगळा धडा आम्ही घेतला तो इंद्रकुंडाजवळच्या पलुस्कर सभागृहात, शाळकरी मुलांच्या परीक्षांच्या बैठकीत. पलुस्करबुवांची दृष्टी लहानपणीच फटाक्याच्या अपघातानं अधू झालेली. त्यांच्या नावाच्या सभागृहात मी डोळ्यांपेक्षा कानानं फोटो काढायला शिकलो, याची गंमत मला फार उशिरा कळली.

बसायची जागाही त्यातूनच ठरली. साधारणपणे प्रेक्षकांच्या डाव्या हाताला तबला असतो, उजव्या हाताला पेटी. आम्ही पेटीच्या बाजूला जमिनीवर बसतो. तबलजी गवयाकडे बघतो, म्हणजे आपसूक आमच्याकडे बघतो, आणि माईक गवयाच्या तोंडावर न येता बाजूला राहतो. समोरून काढलेल्या फोटोत माईक हे गवयाचं दुसरं नाक असतं.

फजित्या सांगायच्या तर एक लाल दिव्यांची. एका आयोजकांनी हौसेनं एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) लावले आणि लाईटवाल्यानं अख्खी मैफल लाल करून टाकली. कॅमेऱ्याचं मीटर म्हणत होतं सगळं ठीक आहे. घरी येऊन बघतो तर गायिकेचा चेहरा म्हणजे टोमॅटोचा एक सपाट तुकडा, ना नाक ना भुवई. फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलपैकी लाल फुटलेला, बाकीचे जवळजवळ रिकामे. तेव्हापासून हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) तिन्ही रंग वेगळे बघतो, लाल दिव्यात एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड घेतो, रॉमध्येच, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढतो. एवढं करूनही नाही जमलं तर सरळ कृष्णधवल. त्या गायिकेला तेच फोटो सर्वांत आवडले, तो भाग वेगळा.

दुसरी आवाजाची. आलाप चालू असताना आमच्या कॅमेऱ्यातल्या आरशाचा खटॅक असा आवाज झाला आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा वळून म्हणाले, “बाळा, तुझी सम चुकली.” मग भाड्यानं मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, आणून सायलेंट शटरवर काढले. आवाज गेला, पण फोटोंवर आडवे काळे पट्टे. मंद केलेला एलईडी दिवा सतत पेटलेला नसतो, सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतो. सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतं आणि काही ओळी दिवा विझलेला असतानाच वाचल्या जातात. आता आलापात कॅमेरा मांडीवर ठेवतो. तबला सुरू झाला की उचलतो. त्याला काही पैसे पडत नाहीत.

बुडालेले पैसेही आहेत. एका मोठ्या कार्यक्रमाचे ‘पुढच्या वर्षी एकत्रच देऊ’ म्हणून राहिले, ते राहिलेच. २०२०च्या मार्चपासून पुढचे महिने कसे काढले, ते वहीत आहे, पुन्हा उघडत नाही.

धंदा सावरला तो मोठ्या नावांवर नाही, गुरुपौर्णिमेवर. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, जिथं बघावं तिथं गाण्याचे आणि तबल्याचे क्लास. प्रत्येकाचा आषाढात कार्यक्रम. पस्तीस मुलं, प्रत्येकी चार मिनिटं, आणि प्रत्येक मुलामागे दोन आईबाप आणि चार आजी-आजोबा फोटोची वाट बघणारे. क्लासकडून आम्ही थोडेच घेतो, बाकी प्रिंटवर सुटतं. एका आषाढाच्या कमाईवर सेकंडहँड डी७००० आली, तिच्यात मोटर होती. ८५ची लेन्स पहिल्यांदा स्वतःहून ‘घर्र’ करून फोकसला आली तेव्हा आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. पुढे जुनी डी७५०ही आली.

तरी मला विचाराल तर सर्वांत अवघड काम नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची पाडवा पहाट. काळोखात सुरू करतो तेव्हा आयएसओ ६४००, आणि तास-दीड तासात उजाडून ४००वर. दर दोन बंदिशींना सगळं बदलायचं. मधली दहा मिनिटं अशी असतात की आकाश निळं आणि गवयाच्या चेहऱ्यावर दिवा पिवळा. व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसावेत म्हणून उजेडाप्रमाणे लावायचं सेटिंग) कुणाचाही धरला तरी दुसरा रुसतो. मी चेहऱ्याचा धरतो, निळ्याला निळं राहू देतो.

भावाचं आता मिररलेसचं टुमणं चालू आहे, पट्ट्यांवरचा इलाज नव्या मॉडेलमध्ये आहे म्हणतो. आईनं वही बघितली आणि म्हणाली, आषाढ होऊ दे.