एरोस्पेसमध्ये एम.टेक. केलं, मग नोकरी शोधली

आमचं गाव ओझरजवळ, जिथे एचएएल या सरकारी कंपनीचा विमान कारखाना आहे. द्राक्षबागेत फवारणी चालू असताना वरून सुखोई गेलं की शेजारच्या ट्रॅक्टरचाही आवाज ऐकू येत नाही. मेकॅनिकल झाल्यावर मी गेट या प्रवेशपरीक्षेचा एरोस्पेसचा पेपर दिला आणि पवईच्या आयआयटीत एम.टेक.ला लागलो, तेव्हा वडिलांनी गावभर सांगून टाकलं, "पोरगं आता एचएएलमध्येच लागणार." महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड आणि कंपोझिट (तंतू आणि रेझिनच्या) पॅनेलच्या बकलिंगवर, म्हणजे दाबाखाली अचानक बाक येण्यावर, थिसिस. माझाही समज फार वेगळा नव्हता.

पहिला धक्का इस्रोच्या जाहिरातीने दिला. 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' (इथे एससी म्हणजे पदाची श्रेणी) या पदाच्या केंद्रीय भरतीत शाखा होत्या इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर सायन्स. एरोस्पेस नाहीच! मी अर्ज भरू शकलो तो बी.ई. मेकॅनिकल असल्यामुळे, आणि तेही ६५ टक्क्यांची अट कशीबशी पार करून. ज्या पदवीसाठी दोन वर्षं घातली, तिचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. डीआरडीओच्या जाहिरातीत एरोनॉटिकलच्या जागा होत्या, पण इलेक्ट्रॉनिक्सच्या मानाने मूठभर. दोन्हीकडे जमलं नाही. अमेरिकेत एम.एस. करणाऱ्या मित्राचं दुखणं आणखी वेगळं. रॉकेटचं तंत्रज्ञान परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून असलेल्या निर्यात-नियंत्रण कायद्यामुळे तिथल्या रॉकेट कंपन्यांना नागरिक किंवा ग्रीनकार्डवालेच लागतात, त्यामुळे त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळायचा.

१ डिसेंबरला कॅम्पस प्लेसमेंट सुरू झालं. पहिल्या दिवसांत आमच्यातले बरेच जण डेटा ॲनालिटिक्सला गेले. पगार चांगला होता, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मी 'कोअर'च, म्हणजे आपल्या शाखेचंच काम, हवं म्हणून अडून बसलो. थोडा माजच होता तो.

स्ट्रेस इंजिनिअरच्या, म्हणजे विमानाचे भाग भार सोसतील का हे तपासणाऱ्याच्या, पहिल्या मुलाखतीत थिसिसबद्दल अवाक्षर नाही. समोरच्यांनी कागदावर सी आकाराचं बीम काढलं, एक टोक भिंतीत पक्कं. "उभ्या पट्टीतून बरोबर खाली लोड दिला तर काय होईल?" मी म्हणालो, वाकेल. "आणि?" मी गप्प. ते पिळवटतंही, कारण शिअर सेंटर, म्हणजे जिथून लोड दिला तर बीम पिळवटत नाही तो बिंदू, पट्टीच्या पाठीमागे, बाहेर असतं. बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मग त्यांनी विचारलं, "सॉफ्टवेअरने काढलेल्या उत्तरावर आम्ही विश्वास का ठेवायचा? हातानं तपासलं होतंस?" नव्हतं तपासलं. तिथेच संपलं.

महिनाभर थिसिस बाजूला ठेवून बेंडिंग मोमेंट, बकलिंग, रिव्हेटचे जोड असं सगळं वहीवर हातानं सोडवलं. घरी मात्र "तयारी चालू आहे" एवढंच सांगायचो. पुढच्या मुलाखतीत विचारलं, "मार्जिन, म्हणजे ताकदीतली शिल्लक, ०.०२ आलं तर?" म्हटलं, अल्टिमेट लोडला, म्हणजे वापरात येऊ शकणाऱ्या कमाल लोडच्या (लिमिटच्या) दीडपटीला, भाग टिकतो, पण जेमतेम दोन टक्के हातात राहतात, तेव्हा आधी गृहीतकं तपासेन. ते हसले. बेंगळुरूच्या एका इंजिनिअरिंग सेवा कंपनीची ऑफर आली.

माझ्याबरोबरचा प्रोपल्शनवाला (इंजिनांचा अभ्यास केलेला) मित्र हैदराबादच्या एका रॉकेट स्टार्टअपमध्ये लागला. १८ नोव्हेंबर २०२२ला स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट उडाल्यापासून या कंपन्यांकडे लोक गंभीरपणे बघू लागले, नाहीतर त्याच्या घरचे कुठले तयार व्हायला?

माझं पहिलं काम होतं प्रवाशांच्या डोक्यावरच्या सामानकप्प्याचं ब्रॅकेट, तळहाताएवढं. वडिलांनी फोनवर विचारलं, "कुठलं विमान करतोस?" ब्रॅकेट म्हटलं, तर म्हणाले, "ते तर आपल्या शेडलाही आहेत."