चौथ्या दिवसाची पाहुणी

परक्या देशात वर्षभर राहायला निघालेल्या माणसाला सगळे मोठमोठ्या गोष्टींची भीती घालतात. पाणी उकळून पी, डासांपासून जप, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ. आमच्या नाशिकच्या घरी वरच्या खोलीत राहायला आलेली जर्मन मुलगी या सगळ्याला पुरून उरली. काळ्या रश्श्याची मिसळही तिने नाक पुसत पुसत संपवली. तिला जेरीस आणलं ते घंटागाडीने.

तिच्या गावी म्हणे कुठला कचरा कुठल्या तारखेला उचलणार याचं वर्षभराचं वेळापत्रक आधीच हातात असतं. आमच्याकडे लांबून गाडीचा आवाज आला की तव्यावरची पोळी तशीच सोडून पळायचं. "किती वाजता येते?" या तिच्या प्रश्नाला गल्लीत प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं आणि प्रत्येकाचं खरं होतं. ती डबा घेऊन फाटकापर्यंत पोचायची तोवर गाडी कोपऱ्यावर वळलेली असायची. ओला-सुका कचरा मात्र तिच्याइतका काटेकोर कुणाचाच नसायचा. त्याचा उपयोग काय, डबा भरलेलाच!

परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकाने २४ तासांत फॉर्म भरून सरकारला कळवायचं असतं. तो मी भरला. गल्लीला बातमी लागायला त्याहून कमी वेळ पुरला.

ती आली होती जर्मन सरकारच्या 'वेल्टव्हेर्ट्स' योजनेतून. २००८ पासून ही योजना चालू आहे. साधारण १८ ते २८ वयाची मुलंमुली सहा महिने ते दोन वर्षं दुसऱ्या देशातल्या संस्थेत काम करतात; राहण्याखाण्याची सोय आणि थोडा हातखर्च मिळतो, पगार नाही. ही त्र्यंबक रस्त्यावरच्या एका संस्थेत मुलांना शिकवायला सिटीलिंकच्या बसने जायची. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "पगारच नाही, मग खाडा केला तर कापतात काय?" मी सांगून पाहिलं, अहो, अमेरिकेचे एके काळचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर, १९६६ साली वयाच्या ६८व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या अशाच योजनेतल्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि आपल्या विक्रोळीत जवळजवळ दोन वर्षं राहिल्या. रुग्णांची सेवा केली.

"सुनेशी पटत नसेल," सासूबाई म्हणाल्या. मी विषय वाढवला नाही.

खरा घोळ झाला तो दाराचा. आमच्या गल्लीत दिवसा दार उघडं असतं. बंद दाराचे अर्थ दोनच, घरात कुणी आजारी आहे नाहीतर भांडण झालंय. ही संध्याकाळी आली की दार लावून आतून कडी घालायची. मग शेजारच्या काकू आल्याचा काढा घेऊन जिना चढायच्या, समोरचे आजोबा खालूनच हाक मारायचे, "पोरीला बरं नाही का?" तिला हवा असायचा फक्त अर्धा तास एकटेपणा. तो शोधायला ती गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायची, तर तिथे दुतोंड्या मारुतीसमोर कुणीतरी तिच्याबरोबर सेल्फी मागायचं. "माझ्या गावात मी चार दिवस दार उघडलं नाही तरी कुणी विचारणार नाही," असं ती एकदा म्हणाली. ती तक्रार होती की कौतुक, आणि असलंच तर कुणाचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानवशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ दी जानेरोतल्या महिला क्लबात परक्या देशात बसणाऱ्या सांस्कृतिक धक्क्यावर भाषण दिलं होतं. परक्या संस्कृतीत आधी मधुचंद्राचे दिवस असतात, मग धक्का बसतो, मग माणूस हळूहळू सावरतो, असं त्यांचं म्हणणं. धक्का म्हटल्यावर काहीतरी भव्य असेल असं वाटतं. पण त्यांनी मोजलेल्या अडचणी कुठल्या, तर कामवाली, शाळा, घर, गाडीघोडा, बाजारहाट. आमच्या भिशीत याहून वेगळं काय बोलतात?

हिचा मधुचंद्र डिसेंबरात संपला. बर्फातून आलेली पोर नाशिकच्या थंडीत कुडकुडली, कारण तिकडे घरं ऊबदार ठेवतात, इथे फरशीच गार. त्यात नाताळ जवळ आलेला. रविवारी दुपारी सगळी गल्ली झोपलेली असायची आणि ही गॅलरीत बसलेली. जो तो जेवायला बोलवायचा आणि तिला नको म्हणता यायचं नाही. पाहुण्याला रुसायची सोय नसते, हे आपल्या लक्षातच येत नाही. 'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' असं आपण म्हणतो. चौथ्या दिवसानंतर काय करायचं, याबद्दल म्हण गप्प आहे.

सासूबाईंनी मात्र त्याचं काहीतरी ठरवलं असावं. एका दुपारी त्यांनी तिला खाली बोलावलं आणि मेथीच्या दोन जुड्या पुढ्यात टाकल्या. "बसलीच आहेस तर निवड." तिने देठं एका मापाची खुडली, पानं एका दिशेला लावून ठेवली. "भाजी करायचीय, हार नाही," सासूबाई म्हणाल्या. पुढे मटार आले, लसूण आला. जानेवारीत ती एकदा चक्क म्हणाली, "आज नाही, आज माझं डोकं फिरलंय." सासूबाईंनी फक्त "बरं" म्हटलं आणि परात स्वतःकडे ओढली.

मार्चमध्ये तिचे आईवडील भेटायला आले. स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याशी घासाघीस तिनेच केली, आणि वर गेल्यावर आईने दार लावलं तर धावत जाऊन उघडलंही तिनेच. सासूबाईंनी नवी ताटं काढली होती, श्रीखंडपुरीचा बेत होता. वडील चमचा कुठे धरायचा या विचारात, आई प्रत्येक वाटीकडे बघून हसतेय, आणि ही आपली त्यांच्याबरोबर पाटावर बसायला निघालेली.

"तू कुठे बसतेस? पापड कोण तळणार?"

ती उठली. पहिलाच पापड करपला, आणि सासूबाईंनी तिच्या आईवडिलांदेखत तिला सुनावलं, "वर्ष होत आलं, अजून गॅस बारीक करायला सांगावं लागतं का गं तुला?"