रोबो उलटतो तो ब्रेकवर

हात वर करून धावणारा रोबो एकदम थांबवला की तोंडावर आपटतो. यामागचं गणित दोनच मापांचं: गुरुत्वमध्यापासून पुढची चाकं जिथे टेकतात त्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर, आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. अंतर ३० सेंमी आणि उंची ६० सेंमी असेल तर भागाकार ०.५. म्हणजे ०.५ जीपेक्षा (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) जोरात ब्रेक लागला की मागची चाकं उचललीच. रबरी चाकांचा घर्षणांक १ च्या आसपास असेल तर चाकं घसरायच्या आधी रोबो उलटतो. घसरली असती तर वाचला असता! १५ अंशांच्या उतारावर, तोंड खाली करून थांबताना तर हीच मर्यादा ०.२२ जीवर येते.

कॅडमधल्या (संगणकावरच्या आराखड्यातल्या) उंचीवर विसंबू नका, त्यात वायरींचं वजन कुणी धरलेलं नसतं. आधी बॅटरी बसवून, रोबोचा हात पूर्ण वर करून, पकडीत वस्तू देऊन पुढच्या आणि मागच्या चाकांखाली वजनकाटे ठेवा. मागच्या काट्यावरचं वजन गुणिले दोन आसांमधलं अंतर, भागिले एकूण वजन, हे आडवं अंतर. मग त्याच स्थितीत रोबो पुढच्या चाकांवर हळूहळू कलवा. दोघांनी धरा. धरणाऱ्यांच्या हाताला भार लागेनासा होतो तिथला कलण्याचा कोन मोजा. आडव्या अंतराला त्या कोनाच्या टॅनने भागा आणि चाकाची त्रिज्या मिळवा, की उंची आली. ही त्रिज्या हमखास विसरली जाते, आणि मग कागदावरची उंची खऱ्यापेक्षा कमी निघते.

उंची जास्त आली की तळाला लोखंडी पट्टी जोडायची घाई होते. ४० किलोच्या रोबोत, गुरुत्वमध्य ४० सेंमीवर असताना, ५ सेंमी उंचीवर ४ किलोची पट्टी लावून तो ३.२ सेंमी उतरतो. साडेपाच किलोची बॅटरी ४५ वरून १० सेंमीवर आणली तर ४.८ सेंमी, आणि वजन तेवढंच. बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळा, नाहीतर धक्क्यात ती सरकते आणि हिशेबही सरकतो.

सहाचाकीत वळणं सोपी व्हावीत म्हणून मधली चाकं ३ मिमी खाली घेतात. तेव्हा रोबो एका वेळी चारच चाकांवर उभा असतो, म्हणून तो पुढेमागे डुलतो. तीन ओम्नी चाकांच्या (आडवीही सरकू शकणाऱ्या चाकांच्या) त्रिकोणी तळात तर मध्यापासून, दोन चाकं जोडणाऱ्या कडेचं अंतर चाकापर्यंतच्या अंतराच्या निम्मंच भरतं, चौकोनात ०.७ पट.

एवढं करूनही भागाकार कमी असेल तर प्रोग्रॅममध्ये हाताच्या उंचीनुसार वेगवाढ आणि ब्रेक, दोन्हींना मर्यादा घाला. फक्त वेगवाढीला घालून ब्रेक मोकळा सोडलेला कोड बराच दिसतो.