जंगलासाठी झाडं तोडायची?

सुट्टीत पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, तुमच्याकडे म्हणे राष्ट्रीय उद्यानातली झाडं कापतात आणि वर सांगतात, जंगलाच्या भल्यासाठी! हे काय गौडबंगाल?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या काठी राहते. जवळचं बार्मा-मिलेवा हे 'रिव्हर रेड गम'चं जगातलं सर्वांत मोठं जंगल, साधारण 66 हजार हेक्टर. रेड गम म्हणजे निलगिरीचाच भाऊबंद. आपल्याकडे लावलेल्या निलगिरींत तोही आहे. इथे मात्र तो घरचा. इथल्या मूळनिवासी योर्टा योर्टा लोकांनी होडीसाठी साल काढलेल्या जुन्या झाडांवर लांबट व्रण अजून दिसतात. एक मी हाताने चाचपलाय. माझ्याहून उंच, कडा ओठांसारख्या आत वळलेल्या. खोड तिघांच्या कवेत मावणार नाही. वर ढोल्या. अशी ढोली तयार व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात, आणि सुपर्ब पॅरट हा हिरवा पोपट घरटं करतो तो अशाच ढोलीत.

तिथून तीस पावलांवर मनगटाएवढ्या खोडांची झुंबड. अंग तिरकं करूनच आत शिरावं लागतं. शेंड्याला चार पानं, खाली गवताची काडी नाही.

ही झुंबड आपोआप झालेली नाही. एकोणिसाव्या शतकापासून बोटींच्या धक्क्यांसाठी, रेल्वेच्या स्लीपरांसाठी मोठी झाडं गेली. काही स्लीपर तर भारतातही पोचले. मोकळ्या जागेत रोपं दाटली. त्यात 1936 मध्ये ह्यूम धरण पूर्ण झालं आणि नदीचं वेळापत्रकच उलटलं: हिवाळ्या-वसंतातला पूर धरणात अडतो, पाणी सुटतं ते उन्हाळ्यात, शेतीसाठी. मग 1997 ते 2009 चा दुष्काळ. पाणी थोडं, पिणारी तोंडं फार. म्हातारी झाडंसुद्धा शेंड्याकडून वाळायला लागली.

उपाय तुमच्या ओळखीचा आहे: विरळणी. माझी आजी ज्वारीची जादा रोपं उपटताना हळहळायची, पण उपटायचीच. इथेही तेच, ढोलीच्या, जाड बुंध्याच्या झाडांना हात लावायचा नाही, मधली बारकी काढायची. 2010 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यानं झाली, त्यानंतर मिलेवात हा प्रयोग म्हणून केला गेला. काही तुकडे जास्त विरळ, काही कमी, काही जसेच्या तसे, म्हणजे तुलना करता येते.

विरोधही झाला. ही जुनीच लाकूडतोड, फक्त बारसं नवं, असं लोक म्हणाले. रेड गमच्या जळणाला इथे चांगली मागणी असते, त्यामुळे शंका अगदीच उगाच नव्हती. 'पाणी सोडा, करवत खाली ठेवा' हेही मला निम्मं पटतं. तहानलेल्या पंगतीतली पानं कमी केली म्हणून घागर भरत नाही. पण सगळ्या जंगलाला पुरेल एवढं पाणी सोडायला शेतकरी तयार नाहीत, आणि त्यांचंही पोट त्याच नदीवर आहे. म्हणून प्रयोगाला माझा होकार. सरसकट सगळीकडे करवत चालवायला नाही.

2022 च्या वसंतात मरेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर मी गेले, तेव्हा बुंध्यांवर माझ्या कमरेच्या वर चिखलाची रेघ होती आणि खाली ओल्या गाळात मेथी पेरावी तशी दोन-दोन पानांची रोपं. एका पावलाखाली किती आली ते मोजायला बसले आणि पन्नासनंतर सोडून दिलं.