धवळ्याचं वजन : चतुर्थीपासून डिसेंबरअखेरपर्यंतची नोंद

धवळ्या यंदा चौसा झाला, म्हणजे त्याला चार पक्के दात आले. श्वेतकपिला जातीचा बैल, डोक्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरा, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. जानेवारीच्या शेवटी होणाऱ्या पशुप्रदर्शनात त्याला देशी बैलांच्या गटात उतरवायचं ठरलंय आणि गणेशचतुर्थी झाल्यापासून त्याला भरवायचं काम चालू आहे. गाईचं दूध कसं वाढवावं यावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, बैल भरवण्यावर मात्र जो तो आपापल्या आजोबांचं सांगतो. म्हणून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात काय केलं आणि त्यातून किती फरक पडला, ते सगळं मांडतोय.

आधी मापाचं. काट्यावर बैल न्यायची सोय जवळपास नाही, त्यामुळे टेप. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, वशिंडाच्या लगेच मागून आणि पुढच्या पायांच्या मागून टेप फिरवून. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 10840, की किलोत अंदाजे वजन मिळतं. सुरुवातीला घेर 146 आणि लांबी 124 होती, म्हणजे 244 किलो. सूत्र अंदाजाचंच आहे, पण माणूस तोच, टेप तीच आणि वेळ तीच ठेवली की वाढ नीट कळते. वेळ सकाळची, चारापाण्याच्या आधीची. बैलाच्या वजनातला दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त नुसता पोटातला चारा आणि पाणी असतो. संध्याकाळी पोट तट्ट भरल्यावर माप घेतलं की आकडा फुगतो आणि आपण उगाच खूश होतो.

आकड्याइतकाच हाताला भरवसा द्यावा. मी दर रविवारी त्याच्या बरगड्यांवरून सपाट तळवा फिरवतो. पहिल्यांदा शेवटच्या चारही बरगड्या डोळ्यांनी मोजता येत होत्या, कमरेची हाडं टोचत होती आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे होते. पोट मात्र मोठं. पाऊसभर पेंढ्यावर राहिलेल्या गुरांचं असंच होतं. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के, त्यामुळे पोट भरतं पण पुठ्ठ्यावर, म्हणजे कमरेमागच्या मांसल भागावर, काही चढत नाही. गावातले एक जुने शेतकरी आबा त्याला बघायला आले, समोरून क्षणभर पाहिलं आणि सरळ मागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, “बाबा, बैल पुढून सगळेच दाखवतात. परीक्षक मागून बघतो.” तेव्हापासून माझं लक्ष पुठ्ठ्यावर आहे.

खुराकाला, म्हणजे धान्य-पेंडीच्या मिश्रणाला, हात लावायच्या आधी शेण तपासून घेतलं. पाणथळ मळ्यात चरणाऱ्या गुरांना यकृतातल्या चपट्या कृमी होतात, कारण त्या कृमींची पिल्लं गोगलगायींमध्ये वाढतात आणि मग ओल्या गवताला चिकटून बसतात. जनावर खातं-पितं, पण अंगाला लागत नाही. फार झालं तर जबड्याखाली सूज येते. धवळ्याला सूज नव्हती, पण शेणात अंडी निघाली. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ऑक्सिक्लोझानाइड या चपट्या कृमींवरच्या औषधाची मात्रा ठरवून दिली आणि गोल जंतांचं औषध वेगळं दिलं. गोचीड काढली, गोठ्यातल्या भिंतींच्या फटींतही फवारणी केली, कारण गोचिडी अंडी तिथेच घालतात. लाळ्या-खुरकुताची लसही तेव्हाच उरकली. लसीनंतर दोन-चार दिवस ताप येतो, जनावर खाणं कमी करतं. प्रदर्शनाच्या तोंडावर लस टोचून घेतली की आठवड्याची मेहनत वाया. ज्यांची लस बाकी आहे त्यांनी आता थांबू नये.

एवढं झाल्यावरही पहिले काही आठवडे मी खुराक वाढवला नाही, चारा सुधारला. माझं म्हणणं हेच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगेन: बैल चाऱ्यावर भरतो, खुराक त्याच्या वरचा. त्याच्या पोटात असंख्य सूक्ष्मजीव आहेत, आपण भरवतो ते आधी त्यांना. पेंढ्याची सवय असलेल्या पोटात एकदम दोन किलो मका गेला तर आंबट वाढतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं, आणि पुढचे कित्येक दिवस जनावर गव्हाणीकडे बघतही नाही. म्हणून कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला लावलेला संकरित नेपियर, म्हणजे चाऱ्याचं उंच गवत, रोज 15 किलो, कुट्टी करून. गाठ धरायच्या आत, छातीएवढा झाला की कापायचा. उंच वाढू दिला की देठ लाकूड होतात आणि बैल पानं खाऊन देठ टाकतो. जोडीला 2 किलो पेंढा आणि फक्त दीड किलो खुराक.

खुराक घरीच मिसळतो. 100 किलोला मक्याचा भरडा 40, खोबऱ्याची पेंड 25, गव्हाचा कोंडा 22, भरडलेला कुळीथ 10, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1. आपल्याकडे खोबऱ्याची पेंड घाण्यावर ताजी मिळते, हा गोव्यातल्या माणसाचा मोठा फायदा. घाण्याच्या पेंडीत तेल शिल्लक असतं, त्याने अंगावर तकाकी येते. पण हेच तेल आपल्या दमट हवेत लवकर खवट होतं. मी पेंडीचा तुकडा घेऊन मधोमध मोडतो. आतला रंग एकसारखा तपकिरी हवा, वास गोडसर हवा. मध्ये हिरवट-काळसर रेघ दिसली, किंवा नाकाला झोंबणारा वास आला, तर ते पोतं परत. वरचा भाग खरवडून बाकीची घालू, असं करायचंच नाही. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि यकृतावर बसतं, तेही कृमींनी आधीच पोखरलेल्या. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवली आहेत.

गोरवांच्या पाडव्याला, म्हणजे दिवाळीत गुरांना पुजायच्या दिवशी, धवळ्याला न्हाऊ घातलं, झेंडूच्या माळा घातल्या. त्या दिवशी वाड्यावरची सगळी मुलं पोळे घेऊन येतात, आणि मायेने आणलेलं नाही म्हणवत नाही. त्याला आधी पोटभर नेपियर घातला, पोळ्याचा एकेक घास मुलांच्या हातून दिला आणि बाकीचे गोठ्यातल्या सगळ्या गुरांना वाटले. पाडव्यानंतरचं माप: घेर 151, लांबी 125, वजन 263 किलो. बरगड्या अजून हाताला लागत होत्या, पण डोळ्यांनी फक्त एकच मोजता येत होती.

तिथून पुढे खुराक चढवायला घेतला. दर चार दिवसांनी पाव किलो, याच्यापेक्षा घाई नाही. आज अडीच किलोवर आहे, त्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का. यापुढे नेणार नाही. दोन वेळा देत होतो, आता तीन वेळा: पहाटे, दुपार कलल्यावर आणि रात्री दावणीला बांधताना. खुराकाच्या आधी मूठभर का होईना सुका पेंढा तोंडात गेलाच पाहिजे, म्हणजे लाळ सुटते आणि आंबट आवरतं. ऊन असेल त्या दिवशी दुपारचं खाणं तो अर्धं टाकतो, रात्री तेच चाटूनपुसून खातो, म्हणून मोठा वाटा रात्रीचा.

सरद (पावसाळी) भाताचा नवा पेंढा घरी आल्यावर त्यातला थोडा युरियात मुरवला. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत शिंपडायचा, तुडवायचा आणि ताडपत्रीने हवाबंद करून 21 दिवस ठेवायचा. उघडल्यावर पेंढा पिवळसर तपकिरी आणि मऊ झालेला असतो, वास डोळ्यांत पाणी आणतो. तासभर पसरून वास उडाल्यावरच घालायचा, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही. युरियाचं उरलेलं पाणी प्यायलं गेलं किंवा खडा तसाच पोटात गेला तर जनावर दगावतं. ज्यांना हे काम काटेकोर जमणार नसेल त्यांनी पेंढा साधाच घालावा.

रोजची परीक्षा शेणाची. पडल्यावर ते आंबोळीसारखं पसरलं, कडा थोड्या उभ्या राहिल्या, की सगळं ठीक. पातळ, फेसाळ, आंबूस वासाचं दिसलं की त्या दिवशी खुराक निम्मा आणि पेंढा दुप्पट. शेणात मक्याचे तुकडे सापडायला लागले तेव्हा भरडा आणखी बारीक दळून आणला. दुसरी खूण रवंथाची. बसल्या जागी एका घासाला 50 ते 60 वेळा चावत असेल तर पोट जागेवर आहे.

चालणंही तितकंच गरजेचं. सकाळी तासभर, काजूच्या डोंगराच्या चढावर, मोहरकीला (तोंडाला बांधलेल्या दोराला) धरून. चढावर मागच्या पायांवर जोर येतो आणि पुठ्ठा भरतो तो तिथेच. नुसता बांधून खाऊ घातलेला बैल पोटाने वाढतो, आणि रिंगणात पाय ओढत चालतो. शिवाय या फेऱ्यांमुळे तो माणसांत, मोटारसायकलींच्या आवाजात शांत राहायला शिकला. परत आल्यावर खरारा, मग सावलीत पाणी. दिवसाला चाळीसेक लिटर पितो, बादली रोज घासलेली हवी.

दोन गोष्टी अनेकांनी सुचवल्या, दोन्ही मी करणार नाही. पहिली, बांबूच्या नळ्यातून तेल पाजणं. मान वर ओढून पाजलेलं तेल थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते आणि मग फारसे इलाज चालत नाहीत. तेल द्यायचंच तर खुराकात मिसळून, तेही मोजकं. दुसरी, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मीठ चारून भरपूर पाणी पाजणं, म्हणजे अंग भरलेलं दिसतं. जातिवंत देशी बैलाच्या बाबतीत हे त्याच्याशी केलेलं वाईट वागणं आहे. जुने गोवे इथल्या किनारी शेती संशोधन संस्थेने या गुरांचा अभ्यास केला, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत श्वेतकपिला ही स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. आपला बैल रिंगणात उभा राहतो तो या जातीचं रूप घेऊन, त्याने तसंच दिसावं: आटोपशीर, घट्ट, हलक्या पायाचा. त्याला जर्सीसारखा फुगवला तर चांगला परीक्षक गुण कापेल आणि ते बरोबरच असेल.

कालचं माप: घेर 156, लांबी 126, वजन 283 किलो. सुरुवातीपासून 39 किलो. शेपटीच्या मुळाचे खळगे भरले आहेत, कमरेच्या हाडांवर बोट दाबलं तर मऊ लागतं, मागून बघितलं तर मांड्यांच्या मधली फट कमी झाली आहे. डाव्या पुठ्ठ्यापेक्षा उजवा किंचित भरलेला वाटतो. चढावर मी नेहमी एकाच बाजूने धरतो, त्यामुळे असेल. आता बाजू आलटून पालटून धरतोय.

शेवटच्या दोन आठवड्यांत खाण्यात काहीही बदलणार नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवी मोहरकी आणि घुंगरं आणायची आहेत, खूर घासून घ्यायचे आहेत. गाडीत तळाला वाळू आणि वर पेंढा, आणि सोबत घरचा चारा आणि घरच्या विहिरीचं पाणी, कारण परकं पाणी तो तोंडात घेत नाही आणि प्रवासात जनावर पाच-दहा किलो सहज उतरतं. शक्य झालं तर आदल्या संध्याकाळीच पोहोचेन.

काजूचा हंगाम सुरू झाला की बोंडांचा चोथा उन्हात वाळवून पुढच्या वर्षीच्या खुराकात थोडा घालायचा विचार आहे. ओला ठेवला की लवकर आंबायला लागतो, त्यामुळे पातळ पसरून वाळवावा लागेल. कुणी बैलाला घातला असेल तर किती प्रमाणात आणि कशात मिसळून, ते जरूर सांगा. पुढचं माप संक्रांतीला घेईन.