फाइलमधला ‘नॉर्मल’

मिथिलीन ब्लू या रंगाचा डाग बोटांवरून जायला दोन दिवस लागतात. स्पिरिटने पुसा, लिंबू चोळा, नखांच्या कडेला निळी रेघ राहतेच. बावीस वर्षं लॅबमध्ये काढल्यावर तो निळा मी कुठेही ओळखते. म्हणूनच जूनमधल्या त्या सोमवारी कॅज्युअल्टीत रक्त घ्यायला गेले, तेव्हा काकांची जीभ बघून माझा हात थांबला.

वय बासष्ट, निवृत्त इंजिनियर. चक्कर, धाप, डोळे हळदीसारखे पिवळे. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर ८६ आणि ऑक्सिजन लावूनही ८६च. इतक्या कमी ऑक्सिजनवर माणसाला अनेकदा धड बोलवत नाही. काका मात्र मला सांगत होते, “ताई, उजव्या हाताचं घ्या, डाव्याची शीर पटकन सापडत नाही.” बोलताना दिसणारी जीभ आणि दातांच्या फटी निळ्या होत्या, थुंकीच्या स्लाइड धुतल्यावर आमचं सिंक होतं तशा. सिरिंजमध्ये आलेल्या रक्ताला चॉकलेटी झाक होती.

“काका, निळं काय घेता तुम्ही?”

“ते ड्रॉप्स आहेत. मेंदूसाठी.”

काकूंनी पर्समधून बाटली काढून दिली. तपकिरी काच, ड्रॉपरचं टोपण, लेबलवर मेंदूचं चित्र आणि खाली ‘१ टक्का’. काकांनी पाण्यातून पाच थेंबांनी सुरुवात केली होती. तरतरी वाटली म्हणून वाढवत नेलं आणि गेले दहा दिवस थेंब न मोजता अर्धा चमचा सकाळी, अर्धा संध्याकाळी. १ टक्का म्हणजे एका मिलीलीटरमध्ये १० मिलीग्रॅम. अर्धा चमचा अडीच मिलीलीटर धरला तरी दिवसाला ५० मिलीग्रॅम पोटात जात होतं.

टीबीसाठी थुंकीची स्लाइड करतो तेव्हा आधी कार्बोल फुक्सिन ओतून खालून आच देतो, वाफ येईपर्यंत, उकळू न देता. मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने रंग उतरवतो. टीबीचे जंतू तेवढे लाल राहतात, बाकी सगळं फिकं पडतं. त्या फिक्यावर शेवटी मिथिलीन ब्लू, फक्त तीस सेकंद. तो ०.१ टक्का असतो. काकांच्या बाटलीतला त्याच्या दहापट तीव्र होता.

कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंटने एक गोष्ट हुशारीने ओळखली होती. धमनीच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा, बोटावर मात्र ८६, म्हणजे हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन, ऑक्सिजन वाहून न नेणारं रूप, झालेलं असणार. ते बरोबरच होतं. अडचण पुढे होती. मेथहिमोग्लोबिनवरचा उतारा म्हणजेच मिथिलीन ब्लू. किलोमागे १ ते २ मिलीग्रॅम, शिरेतून, सावकाश. केसपेपरवर तशी ऑर्डर लिहून झाली होती. सिस्टर औषधाच्या कपाटाकडे निघाली होती.

मी वर लॅबमध्ये जाऊन आधी स्मिअर केला, रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवला. चाळीस वेळा बघितलेलं चित्र असलं तरी अंगावर काटा आला. लाल पेशींचे लचके तोडलेले, पोळी कडेने चावून ठेवावी तसे. रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या लाल पेशी मोजण्यासाठी न्यू मिथिलीन ब्लू (हा वेगळा रंग, नावाने फसू नये) घालून बघितलं तर पेशींच्या कडेला हाइन्झ बॉडीज, गोठलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या. प्लीहा त्या गुठळ्या कुरतडून काढते आणि उरलेली पेशी तशीच पुढे सोडते. लघवी काळपट हिरवी. पट्टीवरचे सगळे चौकोन रंगून गेलेले, मशीनला वाचता येईना.

मी फोन केला. “सर, जी६पीडी कमी असण्याची शक्यता आहे. ब्लू देऊ नका. त्यांच्या पोटात आधीच ब्लू आहे, बाटली काकूंकडे आहे.” पलीकडे दोन क्षण शांतता, मग “थांबा, सिस्टर!” अशी हाक. इंजेक्शन गेलं नाही.

काकांच्या पेशींचं काय होत होतं ते सांगते. मिथिलीन ब्लू औषध म्हणून काम करतं ते लाल पेशीतल्या एनएडीपीएच या रसायनाच्या जोरावर. ते त्याला रंगहीन रूपात आणतं आणि ते रूप मेथहिमोग्लोबिनला पुन्हा कामाचं करतं. लाल पेशीत एनएडीपीएच तयार होतं ते जी६पीडी या एन्झाइममुळे. ते कमी असेल तर उतारा चालत नाही. वर हाच रंग पेशीला जाळत सुटतो आणि पेशीकडे स्वतःला वाचवायला काही नसतं. बहुतेकांना आपल्यात ही कमतरता आहे हे आयुष्यभर कळत नाही. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत प्रमाण जास्त आहे, पण ती कुणातही निघते. भारतात सापडणाऱ्या एका प्रकाराचं तर नावच ‘केरळ-कल्याण’ आहे.

या रंगाबद्दल माझ्या मनात आकस नाही. १८७६ मध्ये हाइनरिश कारोने तो कापड रंगवायला बनवला आणि १८९१ मध्ये पाउल एर्लिशने त्याने मलेरियाचे रुग्ण बरे करून दाखवले. वेळेवर दिलेल्या एका अँप्यूलने निळी पडलेली मुलगी दहा मिनिटांत गुलाबी झालेली मी पाहिली आहे. पण मेंदू तल्लख होतो, म्हातारपण लांबतं, ही दुकानदारी आहे. त्याच कुळातलं औषध अल्झायमरवर मोठ्या चाचणीत तपासलं गेलं, २०१६ मध्ये निकाल आला आणि आजार हटला नाही. असे ड्रॉप्स घ्या म्हणून व्हिडिओ करणारे हे सांगत नाहीत.

संध्याकाळी फिजिशियनबाईंनी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. “घरात अजून कोण घेतं?” काकूही घेत होत्या, पाच थेंब. आणि काकूंना झोपेआधी एस्सिटालोप्रॅमची, म्हणजे नैराश्य-चिंतेवरची गोळी चालू होती. मिथिलीन ब्लू शरीरात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन मोडू देत नाही. अशा गोळ्यांसोबत सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ मध्येच तसा इशारा दिला आहे. काकूंचे थेंब तिथेच बंद झाले. अशा डॉक्टर आहेत म्हणून नोकरी करावीशी वाटते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

जी६पीडीचं सॅम्पल मी पहिल्याच दिवशी मागितलं होतं. ते आलं दुसऱ्या दिवशी, रक्ताच्या पिशव्या चढवून झाल्यावर. म्हणजे ट्यूबमध्ये निम्मंशिम्मं रक्तदात्याचं रक्त. शिवाय रेटिक, म्हणजे त्या कोवळ्या पेशी, १४ टक्के. जुन्या, एन्झाइम संपलेल्या पेशी आधीच फुटून गेलेल्या. ज्या उरल्या आणि ज्या नव्याने बाहेर पडल्या, त्या कोवळ्या, एन्झाइमने भरलेल्या. अशा रक्तात जी६पीडी मोजणं म्हणजे घर जळाल्यावर उरलेली भांडी मोजून घरात भरपूर भांडी होती म्हणणं. आकडा आला ७.१. आमच्या किटची खालची मर्यादा ६.४.

सॉफ्टवेअरने छापलं ‘नॉर्मल’. त्याला दुसरं काही येत नाही. शेऱ्याचा रकाना आमच्या स्क्रीनवर दिसतो, छापील रिपोर्टवर उतरत नाही. हे मी चार वेळा लेखी कळवलं आहे. म्हणून मी रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहिलं: ‘रक्त चढवल्यानंतरचे सॅम्पल. रेटिक १४%. निकाल ग्राह्य धरू नये. तीन महिन्यांनी पुन्हा करणे.’ सही केली. फोन केला नाही. तेव्हा वाटलं, फिजिशियनबाईंना हे माहीतच आहे, आणि ते खरंही होतं. त्यांनी डिस्चार्जच्या वेळी ड्रॉप्स बंद म्हणून बजावून सांगितलं होतं. पण रिपोर्ट डॉक्टरांपुरता थोडाच असतो? तो घरी जातो.

चोविसाव्या दिवशी काका परत आले, हिमोग्लोबिन ६.४ घेऊन.

या वेळी जीभ अगदी फिकी निळी होती. काका शिस्तीचे माणूस. प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल, तारखेप्रमाणे लावलेली. त्यांनी ती उघडून माझ्यासमोर धरली. आमचा रिपोर्ट, आणि ‘नॉर्मल’ या शब्दावर पिवळ्या हायलायटरची सरळ, पट्टी लावून मारलेली रेघ. बाजूला पेन्सिलीने तारीख आणि ‘१० थेंब’, त्याखाली ‘२०’, मग ‘१ ड्रॉपर x २’.

“त्या व्हिडिओत स्वच्छ सांगितलंय,” काका म्हणाले, “आधी जी६पीडी तपासा, नॉर्मल असेल तरच घ्या. मी म्हटलं, मागच्या वेळी चमचा जास्त झाला असेल. या वेळी मोजून घेतलं.”

त्यांना बोल लावायला माझ्याकडे जागा नव्हती. माणसाने तपासणी केली, कागद वाचला, कागदाप्रमाणे वागला. आमच्याच लेटरहेडवर परवाना छापून मिळाला होता.

पुन्हा पिशव्या चढल्या, किडनी थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून जी६पीडीचा प्रत्येक रिपोर्ट मी स्वतः बघते. रेटिक वाढलेलं असेल किंवा रक्त चढलेलं असेल तर छापील कागदावर पेनाने लिहून सही करते आणि वॉर्डला फोन करते. क्वालिटीवाल्यांनी आक्षेप घेतला की छापील रिपोर्टवर हाताने लिहिणं नियमात बसत नाही. मी लिहिते.

दिवाळीच्या आधी काका तिसऱ्यांदा आले, या वेळी चालत. तीन महिने होऊन गेले होते, रेटिक १ टक्का. सॅम्पल मीच घेतलं, उजव्या हाताचं. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, सोबत लावून दोनदा चालवलं. आकडा आला १.१.

रिपोर्ट हातात द्यायला मी बाहेर गेले. त्यांनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं.

“म्हणजे पहिला चुकीचा होता?”

“मशीनने बरोबर मोजलं होतं काका. पण त्या दिवशीचं रक्त अर्धं दुसऱ्याचं होतं, आणि उरलेलं तुमचं असलं तरी अगदी कोवळं.”

“मग हे कुणी लिहिलं का नाही?”

मी आत जाऊन जूनचं रजिस्टर आणलं आणि ते पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून लाल ओळी वाचल्या, सहीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं.

“हे इथंच राहिलं होय,” म्हणाले.

त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागितली. मी काढून दिली. त्यांनी ती फाइलमध्ये जूनच्या रिपोर्टमागे, त्याच कप्प्यात सरकवली.